याला चरक म्हणू नको

कोल्हापूर
ता. २९ नोव्हेंबर २००१, गुरुवार

विद्याश्री,

सगळ्यात आधी आली ती शालूबाई. आपली शेजारची, दुसरी कोण. पावणं साडेदहाला येणार म्हणून सांगितलंतं, तर ही नवालाच दारात, इरकल नेसून, कपाळभर विभूती ओढून, जसं काय तिच्याच घरचं कार्य हाय. मी म्हणलं, बाई, माझं पोहं अजून भिजायचं हायत. ती म्हणाली, भिजू देत की, मी बसते. आणि बसली कुठं, तर मागल्या परड्यात त्या कपडं धुवायच्या गोल मशिनीवर. मशीन पोत्यानं झाकलेली, तिला वाटलं पाण्याचं पिंप हाय. तुझं मामंजी शेडातनं ओरडलं, "शालूबाई, ती पन्नास वर्षांची हाय, तिच्यावर बसू नका." तर ही म्हणती, "मी सत्तावन्नाची हाय, मग कुणी कुणावर बसायचं?"

मला हसू आवरंना. मामंजीबी हसलं. त्यांचं हसू बघून मलाच कसंतरी झालं, किती दिवसांनी बघितलं म्हणून.

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. शाळेत मी दुसरीबी पुरती केली न्हाय, आमच्या बाबानं गुऱ्हाळावर चिपाडं गोळा करायला बसवलं. पुढं साक्षरतेचा वर्ग निघाला तवा तू माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतलंस. "आत्ती, ळ जिलबीगत काढा, आतनं बाहेर." तेवढा ळ मला अजून झकास येतो. बघ. ळ ळ ळ. बाकीच्या अक्षरांचं देवाला ठाऊक.

तर पावणं. कागलचं. एक चुलता, एक चुलती. चुलत्याला मिशा हायत पण बोलणं बारीक. चुलतीनं पोहं खाल्लं आणि शेंगदाणं तेवढं बशीत मागं ठेवलं, दातांचं काहीतरी असंल. कशाला आलतं ते तुला कुणीतरी सांगंलच, म्हणून मीच सांगते. दुसऱ्याकडनं कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळलेलं बरं. संगमेशच्या दुसऱ्या लग्नासाठी त्याला बघायला आलतं. मुलगी त्यांच्या भावाची. तिशीची हाय म्हणं, आईच्या आजारपणात लगीन राहून गेलं. मधी शालूबाई हाय.

रागावू नको. पत्र फाडायचं असंल तर खाली माझ्या नातीचं, भूमिकाचं, लिहिलंय तेवढं वाचून मग फाड.

चुलत्यानं चहा पिऊन झाल्यावर विचारलं, पहिल्या बायकोचं, म्हणजे तुझं, काय झालं. संगमेश खाली बघून म्हणाला, तिचं ध्यान न्हवतं, मशिनीत हात गेला, मग माहेरी गेली ती आली न्हाय. जेवढं गावाला ठाऊक हाय तेवढंच बोलला. मामंजी उठून शेडात गेलं. मी बशा गोळा केल्या.

हात धुवायला म्हणून चुलता परड्यात आला आणि शालूबाईला हळूच विचारलं, मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू आलं. म्हणाला, "मशिनीत हात गेला म्हणता, पण कागलात वेगळं बोलत्यात. पोराचा हात उठतो काय बायकांवर?" शालूबाई म्हणाली, छ्या छ्या, पोरगं गरीब हाय. पण तिच्या छ्या छ्या मध्ये दम न्हवता. पावणं बघतो, विचार करतो म्हणून गेलं. परत यायचा दिवस काय सांगितला न्हाय.

संगमेश असा न्हाय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. त्यानं कधी तुझ्यावर हात उचलला न्हाय. त्यानं फक्त तुझ्यावर विश्वास ठेवला न्हाय.

आता मामंजींचं सांगते. उद्यमनगरातला त्यांचा कारखाना बंद पडला, लेथ सुटला, आणि घरात बसून मशिनी दुरुस्त करायचा नाद लागला, तो तू आलीस तवा भरात होता. लोकांच्या नव्या मशिनी पोटासाठी आणि जुन्या विलायती मशिनी जिवासाठी. कुठल्या दवाखान्याच्या लिलावातनं, कुणाच्या अडगळीतनं, भंगाराच्या वखारीतनं आणायचं. रॉकेल लावून गंज काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, पितळेचं बुश कातून आणायचं, कपडं पिळायच्या रुळांवरचं रबर छापखान्याच्या रुळांबरोबर नवं चढवून घ्यायचं. पिंपातली ती मधली रवी, तिला दुसरं नाव हाय, पण ताकाच्या रवीगत अर्धी इकडं अर्धी तिकडं फिरती म्हणून मी रवीच म्हणते, ती पहिल्यांदा फिरली की हे पोरागत टाळी वाजवायचं. परड्यात ओळीनं चार चार मशिनी, जशा गोठ्यात म्हशी.

आता एकच हाय. तीच. बाकी सगळ्या देऊन टाकल्या. नवं काम घेत न्हाईत, लोक दारातनं परत जात्यात. रोज सकाळी पोतं काढतात, रूळ खोलतात, स्प्रिंग बघतात, परत जोडतात. वरची दांडी दाबली की दोन्ही रूळ सुटून अलग व्हायला पाहिजेत, अडकलेला हात मोकळा व्हायला पाहिजे. दाबतात, सुटतात. लावतात, दाबतात, सुटतात. ओला टॉवेल घालून करतात, केळीचं खुंट घालून करतात. चार वर्षं होतील आता माघात. मला विचारतात, "दानम्मा, सुटतंय की गं. मग त्या दिवशी का सुटलं न्हाय?"

तू म्हणतीस, मी दांडी दाबली होती. दाबली असती तर सुटलं असतं, असं सगळी म्हणत्यात. मी काय बोलू. झालं ते झालं.

वकिलाचा काडीमोडाचा कागद तुला गेलाय, त्यात "विनाकारण घर सोडून गेली" असं लिहिलंय म्हणं. तू सही केली न्हाईस म्हणून संगमेश चिडतो. करू नको न्हायतर कर, मी त्यातलं काय सांगू.

भूमिकाचं सांगायचं राहिलं. तुझ्यापाशीच हाय पोरगी, तरी सांगते. बनाबाई तुमच्या वडगावच्या बाजाराला बांगड्या घेऊन जाती, तिनं शाळेपुढं बघितलं. म्हणाली, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि जत्रेतल्या कार्यक्रमात आपल्या मठात म्हणत्यात ते अण्णांचं वचन न अडखळता म्हणून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बनाबाईला दोनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणलं तर म्हणाली, म्हातारे, आता बांगड्या घे न्हायतर जाऊ दे मला. मग घेतल्या. लहान मापाच्या. पाठवीन.

पावणं परत यायच्या आत एकदा येऊन जा. बोल तरी.

तुझी आत्ती
दानम्मा


ता. १६ डिसेंबर २००१, रविवार

विद्याश्री,

कार्ड पोचलं. पोस्टमननं जोरात वाचायला घेतलंतं, मी त्याच्या हातनं काढून घेतलं. म्हणलं, मला येतं वाचायला. तो म्हणाला, मग वाचा की, मी काय पळवून नेतोय.

डाव्या हातानं छान लिहितीस. अक्षरं उजवीकडं झुकायची तुझी, आता डावीकडं झुकत्यात, एवढंच.

कार्डावर लिहिलंयस, "आत्ती, चार पानं वाचली. त्या दिवशी ओच्यात काय खोचलंत तेवढं लिहायचं राहिलं. मी चार वर्षं वाट बघितली. ते ज्यांच्यापुढं मला खोटी ठरवलं त्यांच्यापुढं सांगा, मी त्याच दिवशी सही करते."

बस्स, एवढंच. खाली नाव न्हाय, भूमिकाचं काय न्हाय.

ओच्यात काय असणार गं. सुपारीची डबी असती माझ्या. दुखत होतं तुला, डोळ्यापुढं अंधारी आलेली, तवा काय दिसलं न काय न्हाय. बायकांच्या ओच्यात सतरा वस्तू असत्यात.

इकडं थंडी बरी हाय. शालूबाईच्या सुनेला मुलगा झाला, साडेतीन किलोचा. शालूबाई म्हणती आमच्या घराण्यात सगळी पोरं दांडगी, आणि तिचा मुलगा तू बघितलायस, वारा आला तर धरून उभा राहतो. पेढं आलं. मामंजींनी खाल्लं न्हाईत. त्यांचं जेवणच कमी झालंय. वजन उतरलंय, विभूतीखाली कपाळाचं हाड दिसतंय.

कागलचा चुलता परवा शालूबाईला स्टँडवर भेटला. म्हणाला, आमच्या घरात दोन मतं हायत, पोरीला कुणी मारकुट्याच्या घरात देऊ नये म्हणत्यात. शालूबाईनं तसंच येऊन संगमेशला सांगितलं. तो ताटावरनं उठला. म्हणाला, मी तिला बोटबी लावलं न्हाय आणि मी मारकुटा. मग परड्यात जाऊन उभा राहिला बापाशेजारी.

मंगळवारचं सांगू का नको कळत न्हाय. सांगते.

मी कपडं वाळत घालत होते. मामंजींनी मशीन चालू केली. मला वाटलं रोजच्यागत टॉवेल घालतील. तर त्यांनी आपला डावा हात घातला. मुद्दाम. बोटं नखापर्यंत आत गेली, मी ओरडले, आणि त्यांनी उजव्या हातानं दांडी दाबली. सुटलं. बोटं लाल झालती, बाकी काय न्हाय. मी हळद घेऊन आले तर हे शेडातल्या स्टुलावर बसून हाताकडं बघत होतं. म्हणालं,

"पोरगी खोटं बोलणारी न्हवती. आणि मशीनबी खोटं बोलत न्हाय. मग बोललं कोण, दानम्मा?"

मी हळद लावली.

दूध उतू जातंय वाटतं. बंद करते.

दानम्मा


ता. १८ डिसेंबर २००१, मंगळवार

विद्याश्री,

पाचर होती. बाभळीची. बंबात घालायच्या लाकडाची एक ढलपी, दोन बोटं जाड.

दूध उतू जात न्हवतं परवा. चुलीवर दूधच न्हवतं.

नीट लिहिते आता, मधी दुसरं काय घालत न्हाय. घातलं तर तू समजून घे, माझी सवय हाय.

आमच्या बाबाच्या गुऱ्हाळावर चरक होता, बैलाचा. जाड ऊस घातला की त्याच्या लाटा, म्हणजे रूळ, फाकायच्या आणि चिपाडात रस राहायचा. मग बाबा बाभळीची पाचर ठोकायचा, लाटा घट्ट बसायच्या, चिपाड असं कोरडं निघायचं की हातात चुरा व्हायचा. मी लहानपणापास्नं तेच बघितलं. ही मशीन आली आणि मी तिच्या रुळांना पहिल्या दिवसापास्नं चरक म्हणायला लागले. मामंजी चिडायचं. म्हणायचं, "याला चरक म्हणू नको. चरक काय धरलं ते सोडत न्हाय, आणि ही सोडावी म्हणून बनवलीया. वरची दांडी ही तिची अक्कल हाय." मी हसायचे. बाई माणसाला सांगायची रीत न्हवं ही, मशिनीला अक्कल.

त्या दिवशी मामंजी रबराचं सील आणायला बाजारात गेलतं. मी वाकळ धुवायला घेतली, जाडजूड, आठ लुगड्यांची. वाकळ रुळात घातली की दांडी आपली आपण सुटायची, फटाक करून. परत लावली, परत सुटली. तीनदा झालं. जाडी जास्त झाली की सुटायचं हे तिचं कामच होतं, पण मला वाटलं स्प्रिंग ढिली पडली, चरक फाकतोय. मी बंबापास्नं ढलपी आणली आणि दांडीखाली पाचर मारली. बाबागत. दांडी जाग्यावर बसली. वाकळ अशी पिळून निघाली की मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाळत घातली. तेवढ्यात शालूबाईनं भिंतीवरनं हाक मारली, तिच्या नणंदेचं काहीतरी होतं, आणि मी गेले. पाचर तशीच राहिली.

तू शाळेतनं भूमिकाला घेऊन आलीस. तिचा फ्रॉक चिखलानं भरलाता. तू तो रुळात घातलास आणि त्याच्या नाडीबरोबर बोटं गेली.

तू दांडी दाबलीस. मी ऐकलं, विद्याश्री. आधी तुझी किंकाळी ऐकली, मग दांडीवर तुझ्या बांगड्या आपटल्या. एकदा न्हाय. तीनदा. काचा फुटून मशिनीत पडल्या. मी भिंतीपास्नं पळत आले, तळहातानं पाचर उडवली, रूळ सुटलं. पाचर पायाशी पडली ती उचलून ओच्यात खोचली. आणि मग लोकांना हाका मारल्या. आधी पाचर खोचली, मग हाका मारल्या. हे मी कुणाला सांगितलं न्हाय. आजपर्यंत मीबी मला सांगितलं न्हाय.

लोक आलं तवा दांडी सुटलेली होती. दवाखान्यात तू शुद्धीत आल्या आल्या म्हणालीस, मी दाबली, सुटली न्हाय. मामंजींचं तोंड पांढरं पडलं. डॉक्टरनं दोन बोटं काढली म्हणून सांगितलं, तिसरं वाकंल न वाकंल. संगमेशनं माझ्याकडं बघितलं. आणि मी म्हणाले, सगळ्यांपुढं, शालूबाई होती, बनाबाई होती, तुझा भाऊ होता, मी म्हणाले, न्हाय, तिनं दांडी दाबलीच न्हाय, मी येऊन दाबली. तिचं ध्यान न्हवतं.

का म्हणाले ते चार वर्षं शोधतेय. मामंजींची भीती वाटली असं म्हणायला सोपं हाय. ते रागावलं असतं, दोन दिवस बोललं नसतं, संपलं असतं. भीती न्हवती. लाज वाटली. मला किती वेळा सांगितलंतं, चरक म्हणू नको. आणि मी ते चेष्टेवारी नेलंतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवला तवा पाचर त्यात घातली. त्याच पाण्यानं भूमिकाला आंघोळ घातली.

मग तू वाट बघितलीस. मला दिसत होतं. महिनाभर तू माझ्याकडं बघायचीस आणि मी भांडी घासायला जायचे. संगमेश रोज म्हणायचा, अप्पांच्या कामाला नाव ठेवू नकोस, चूक मान्य कर. तू मान्य केली न्हाईस. चैत्रात भूमिकाचं बोट धरून डाव्या हातात पिशवी घेऊन गेलीस. मी दारात उभी होते. तू म्हणालीस, "आत्ती, येते." जाते म्हणाली न्हाईस.

मी सांगीन. आधी मामंजींना, मग सगळ्यांना. तू म्हणतीस तसंच, त्याच लोकांपुढं.

सही करू नको, एवढं मी मनातनं म्हणते. लिहायचा मला अधिकार न्हाय, पण लिहिलं.

दानम्मा


ता. ७ जानेवारी २००२, सोमवार

विद्याश्री,

सांगितलं.

मामंजींना मागच्या बुधवारीच सांगितलं होतं. मला वाटलंतं फेकून मारतील हातातला पाना. त्यांनी विचारलं, कसली पाचर. म्हणलं बाभळीची. म्हणालं, किती जाड. मी बोटं धरून दाखवली. ते उठलं, बंबापास्नं ढलपी उचलली, तासली, दांडीखाली बसवली, मशीन चालू केली आणि दांडी दाबली. सुटली न्हाय. परत दाबली. सगळा भार टाकून दाबली. न्हाय सुटली. मग बटण बंद केलं आणि स्टुलावर बसलं.

माझ्या भाकरी करपल्या. मग म्हणालं, "माझं काम बरोबर होतं म्हणायचं." मला वाटलं बरं झालं, सुटलं एकदाचं माणूस. तर लगेच त्यांचा आवाज फुटला. "पोरगीबी बरोबर होती. मी चार वर्षं तिला मनात खोटी म्हणत होतो गं. हाताची चिंधी झाली तिच्या, आणि मी स्प्रिंग मोजत बसलो. मला सांगायचंस की, दानम्मा. मला एकट्याला तरी सांगायचंस."

त्या दिवसापास्नं माझ्याशी बोलत न्हाईत. ताट वाढलं तर जेवतात. पाणी आपलं आपण घेतात. मशीन परत पोत्यानं झाकलीया, आणि कालपास्नं शालूबाईच्या सुनेची नवी मशीन दुरुस्तीला घेतलीया. काम घेतलं, एवढं बरं म्हणायचं.

संगमेशला त्यांनीच सांगितलं. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला, फौंड्रीतली काजळी अजून तोंडावर. म्हणाला, "आई, मी तिला तिच्या भावापुढं खोटारडी म्हणलो." मी म्हणलं, मग जा की वडगावला, आत्ता जा, सांग तिला. तो गेला गं. सायकल काढून गेला. तासाभरानं परत आला. पंचगंगेच्या पुलापर्यंत गेलता म्हणाला. कुठल्या तोंडानं जाऊ म्हणाला. मी लई बोलले, त्यानं तोंड धुतलं आणि झोपला.

काल रविवारी कागलचं पावणं आलं. मी आधीच शालूबाईला आणि बनाबाईला बोलावून ठेवलंतं, तुझ्या भावालाबी निरोप धाडलाता, त्याचं काय उत्तर आलं न्हाय. त्याच्याबिगरच बोलावं लागलं. त्याच्यापुढं राहिलं ते राहिलंच. चुलता, चुलती, आणि ह्या खेपेला मुलीचा भाऊबी आलता. चहा व्हायच्या आत मी उभी राहिले. बसून बोलता आलं नसतं. पाचर, चरक, वाकळ, बांगड्या, दवाखाना, सगळं सांगितलं. तुला लिहिलंय तसंच, तेवढंच. विद्याश्रीनं दांडी दाबली होती, तीनदा दाबली होती, मी ऐकलं होतं आणि मी खोटं बोलले. असं.

बनाबाईनं तोंडाला पदर लावला. शालूबाई म्हणाली, "अगं, आणि मी चार वर्षं गावभर सांगत फिरले की तिचं ध्यान न्हवतं." मी म्हणलं, आता उलटं सांगत फिर. ती म्हणाली, फिरीन, पण लोकांना पहिलंच आवडतं.

मला वाटलंतं पावणं उठून जातील. अशा घरात पोरगी कोण देईल, जिथं सासू सुनेचा हात मोडती आणि वर खोटं बोलती. तसं व्हावं असंच मला वाटत होतं, ते तुझ्यापास्नं काय लपवायचं. सगळं खरं सांगायचं, पावणं उठून जायचं, संगमेश मोकळा राहायचा आणि कधीतरी पुलाच्या पुढं जायचा. एवढा हिशेब माझ्या पोटात होता. खरं बोलतानाबी माझ्या पोटात हिशेब होता बघ.

चुलत्यानं मिशीवरनं हात फिरवला. म्हणाला, "म्हणजे पोराचा हात उठला न्हवता तर." मामंजी म्हणालं, न्हाय. "आणि मशीनबी चांगली." मामंजी म्हणालं, व्हय. मग तो चुलतीकडं बघून हसला. "मग झालं की. आमच्या मनात तेवढीच शंका होती. पोरगं निर्मळ हाय, चूक म्हातारीची, आणि म्हातारी काय जन्माला पुरणार हाय?"

चुलतीनं ह्या खेपेला शेंगदाणंबी खाल्लं.

मी संगमेशकडं बघितलं. तो बोलंल असं वाटलं. तो जमिनीकडं बघत होता, आणि मुलीच्या भावानं विचारलं, तुमचं काय म्हणणं, तर म्हणाला, अप्पा म्हणतील तसं. अप्पा काय म्हणणार. अप्पा उठून शेडात गेलं, आणि पावण्यांनी तेवढाच होकार धरला.

वकिलाच्या कागदावरचं "विनाकारण" त्यानं खोडायला लावलंय. आज सकाळीच जाऊन आला. तिथं लिहिलंय, सासूच्या चुकीमुळं हाताला इजा झाली व तिचा शब्द खोटा ठरवण्यात आला. मी वाचलं. मला वाचता आलं. नवा कागद तुझ्याकडं येईल, तू म्हणाली होतीस तसं झालंय, आता सही करायला तुला अडचण न्हाय, असं सगळ्यांचं म्हणणं हाय. माझं म्हणणं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, परत लिहीत न्हाय.

बांगड्या पाठवल्यात भूमिकाला, बनाबाई आणंल. माप चुकलं असंल तर तिला बदलून दे म्हणावं. आजीनं दिल्या असं सांगायचं का न्हाय ते तू ठरव.

पुढच्या सोमवारी पौष लागतो, त्यात शुभ काम करत न्हाईत. म्हणून पावणं ह्या गुरुवारी, दहा तारखेला, सकाळी साडेदहाला साखरपुड्याला परत येतो म्हणून सांगून गेलीत.

दानम्मा